दारावरचा खडूचा एक्स

सुजाता गेल्याची बातमी आली तेव्हा मी सकाळी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. आमच्या आरोग्य खात्यातल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला. भोवती फुलांची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पहिला विचार आला तो असा, की कुणाचा तरी फोन हॅक झालाय. याच ग्रुपवर महिन्यापूर्वी एका धडधाकट डॉक्टरांना श्रद्धांजली वाहून झाली होती. म्हणून मी हात जोडलेली चित्रं पाठवली नाहीत. सरळ सुजाताच्याच नंबरवर फोन लावला, तिनं उचलला की चांगली फैलावर घ्यायची या तयारीनं. उचलला तिच्या मुलीनं, प्रज्ञानं. “बाई, आई गेली... पहाटे. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले.” आणि तरीही मी विचारलं, “कुठल्या दवाखान्यात? डॉक्टर कोण होते?” आयुष्यभर गावोगावच्या माणसांचं बीपी मोजत फिरलेली बाई स्वतःचं बीपी वाढून जाते, हे मला पटतच नव्हतं. आईवेगळ्या झालेल्या पोरीची मी पंधरा मिनिटं उलटतपासणी घेतली, याची आज लाज वाटते.

पण माझी नोकरीच तशी होती. मी आरोग्य सहाय्यिका, म्हणजे आरोग्यसेविकांच्या कामावर देखरेख ठेवणारी. सुजाता मूळची सुदुंबऱ्याची, नेमणूक लोणावळ्याकडच्या उपकेंद्रात, माझ्या हाताखाली. पोलिओच्या फेरीत सेविका घरोघर जातात आणि प्रत्येक दारावर खडूनं खूण करतात. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की ‘पी’. कुलूप असेल तर ‘एक्स’. माणसं आत असून दार उघडत नसतील तरी एक्सच. शेजारी तारीख, आणि पुढचं घर कुठल्या बाजूला ते दाखवणारा बाण. प्रत्येक नव्या मुलीला मी बजावायचे, “एक्स केला म्हणजे सुटलीस असं समजू नकोस. ज्यानं एक्स केला त्यानंच परत जायचं, आणि डोस देऊन एक्सचा पी करायचा.” सुजातानं हे पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतलं, तेव्हाही मला वाटलं होतं, ही एवढं लिहून का घेतेय?

एकदा तिनं भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीचा तक्ता दिला, त्यात एकही एक्स नव्हता. पर्यटकांचा ऐन हंगाम, अख्खी वाडी खाली कणसं आणि भजी विकायला उतरलेली, आणि एकाही दाराला कुलूप नाही? पाणी कुठंतरी मुरतंय, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गुडघे धरत वाडी चढले. दारांवर पीच पी. एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, “व्हय की, कुलपं व्हती. पर ती बाई खाली धरणावर आलती. कणसाच्या गाडीमागं समदी पोरं रांगंत हुबी केली न् डोस दिलं. मंग वर चढून दारावर लिवत बसली. येकटीच.” मी तेवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी पोरं परतली, तेव्हा एकेकाची डावी करंगळी धरून शाईची खूण पाहिली. सगळ्यांच्या करंगळ्या काळ्या. खाली उतरून मी सुजाताला म्हटलं, “पुढच्या वेळी आधी कळवत जा.” शाबासकी द्यायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं... दिली नाही.

त्यानंतर कधीतरी तिनं मला विचारलं, “बाई, वाडीतली पोरं जुलाबाला मंगळवारीच का येतात?” ती मोजत होती. शनिवार-रविवारी वरच्या ओढ्यावर गाड्याच गाड्या, माणसांना शौचाला आडोसा तोच. खालची वाडी तेच पाणी भरायची, आणि मंगळवारी उपकेंद्रात पोरांची रांग. शंभर पानी वहीत तिनं एकेका पोराचं नाव आणि वार लिहिला होता. मी विचारलं, “पुरावा काय?” चिडली की ती गावाकडचं बोलायची. “पुरावा कसा करत्यात त्येच ठावं न्हाई ना, बाई! कुणी शिकवलंय का आमाला?” मी म्हटलं, “मग निरंक लिही.” निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. तिनं लिहिलं. ‘साथ : निरंक’. खाली माझी सही. असे किती मंगळवार निरंक गेले, ते मी मोजले नाहीत.

निवृत्तीनंतर मी सोमाटण्याला तळमजल्यावरच्या घरात राहायला आले. सुजाता सुदुंबऱ्याला जाता-येता डोकावायची, येताना शेतातली वांगी आणायची. मागच्या वर्षी ती वांग्यांबरोबर कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिला ऑनलाइन मास्टर्स करायचं होतं, सार्वजनिक आरोग्यात, नोकरी सांभाळून. बी.ए. तिनं मुक्त विद्यापीठातून आधीच केलं होतं. मी हसले. “घरबसल्या मास्टर्स? उद्या घरबसल्या बाळंतपणंही करशील.” मग माझी चौकशी सुरू झाली. मान्यता कुणाची, परीक्षा कुठं, शिकवणारी माणसं खरी की नुसते फोटो? तिनं एकेक कागद पुढं ठेवला. “तुम्ही विचारणार म्हणून छापूनच आणलंय.” सगळी उत्तरं तयार असलेल्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. एक तिच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलं होतं, दुसरं माझं हवं होतं. शिवाय हा अभ्यासक्रम का करायचाय, यावर निबंध. मी सहज विचारलं, “काय लिहिलंस गं निबंधात?” ती म्हणाली, “मंगळवारचं लिहिलंय, बाई.”

तिथंच माझं बिनसलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वाटलं, ही त्या सगळ्या निरंकांचा पाढा वाचणार, खाली माझी सही दाखवणार आणि वर शिफारसही माझ्याचकडून घेणार. पुढच्या आठवड्यात ईमेलवर शिफारसपत्र भरायची लिंक आली. अनोळखी पत्ता, ‘येथे क्लिक करा’. बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळे सांगतात, असल्या लिंकवर बोट ठेवू नका. मला आयतंच निमित्त मिळालं. “लिंक संशयास्पद वाटते, चौकशी करून भरते,” असं मी तिला सांगितलं. मग डोळे दुखत होते, मग रेंज नव्हती. दोनदा तिचा फोन आला. तिसऱ्या वेळी मी उचलला नाही.

एका रविवारी दुपारी ती स्वतःच आली. मी खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं नाही. बेल दोनदा वाजली. “बाई... आहात का?” चौसष्ट वर्षांची मी, हातात कणकेचा गोळा घेऊन ओट्यापाशी श्वास रोखून उभी. थोड्या वेळानं दारावर खरखर ऐकू आली, मग पावलं लांब गेली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कडीच्या वर खडूनं स्वच्छ एक्स, शेजारी तारीख. आणि बाण... शेजारच्या घराकडे नव्हता, खाली होता. खाली माझ्या चपला, मी आत घ्यायला विसरलेल्या. वेड्यावाकड्या काढलेल्या असणार, त्या तिनं नीट जोडून ठेवल्या होत्या. मला आधी राग आला, मग हसू. ओलं फडकं घेऊन आले, पण पुसवेना. म्हटलं, येईलच ती परत, तिच्या समोरच पुसू. नवव्या दिवशी ग्रुपवर तो फोटो आला.

सुदुंबऱ्याला भेटायला गेले, तेव्हा बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तिचा फोटो लावला होता. प्रज्ञानं लॅपटॉप उघडून अर्ज दाखवला. अर्जाखाली लिहिलं होतं, ‘एका शिफारसपत्राची प्रतीक्षा’. मी निबंध वाचला, शोधत शोधत, माझं नाव कुठं अडकवलंय ते. तिनं लिहिलं होतं, ‘मी साथ निरंक लिहीत राहिले, कारण मला सिद्ध करता येत नव्हतं.’ मी, असं लिहिलं होतं. माझ्याबद्दल पुढं दोनच वाक्यं होती. ‘माझ्या बाई माझ्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवत नसत, डोंगर चढून पोरांची बोटं बघत. संशय आला की चालत जाऊन बघायचं, हे त्यांनी शिकवलं आणि पुढचं मला शिकायचं आहे.’ मला रडू आवरेना. प्रज्ञा म्हणाली, “दुसऱ्या कुणाचं नाव टाकता येत होतं. मी म्हटलं होतं, टाक. आई म्हणाली, बाईंचं घर एक्स आहे, मला परत जायचंय.”

घरी येऊन मी ती लिंक उघडली. विद्यापीठ खरं होतं. मुदत संपली होती. मंगळवारची वही प्रज्ञानं माझ्या हवाली केली. ती मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. वहीचं पुढं काय होईल, याचा मला अर्थातच संशय आहे. म्हणून दर मंगळवारी विचारायला जाते.

गेल्या पंधरवड्यात घराला रंग लावायचा होता. रंगारी दार घासायला लागला तसा मी त्याला थांबवला. “मावशी, खडूच हाय, निघून जाईल,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तेवढं दार राहू दे.” खडू माझ्याही घरात आहे, एक्स खोडून पी लिहायला मला क्षण पुरेल. पण नियम मीच शिकवला होता, ज्यानं एक्स केला त्यानंच परत यायचं. दुपारी मी आता दार उघडं ठेवते, आणि चपला बाहेरच असतात, तिनं ठेवल्या होत्या तशा.