माझी नजर-परीक्षा आणि देवळालीची मुलगी

मंडळी, पुण्याहून आणलेली खेळाची सीडी मला किती महाग पडली सांगू? एस.टी.चं भाडं, अख्खा दिवस आणि आज आमच्या स्टोअरकीपर तात्यांची मागावी लागलेली माफी.

खेळ साधा आहे. जगभरचा प्रवास, आणि प्रत्येक स्टेशनच्या चित्रात लपलेली छत्री, किल्ली, पासपोर्ट शोधायचे. नागापूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला माणूस घेताना मी त्याची नजर यावर जोखतो. अशी परीक्षा नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे इथे तुम्हाला दोनदा तरी ऐकवलंय.

आज देवळाली प्रवराची एक मुलगी आली. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर तिला खेळ लावून दिला. मी पाठमोरा चहा ओतत होतो, पण कान माउसकडे. शोधणारा माणूस थांबतो, मग क्लिक करतो. हिचे क्लिक शिलाई मशीनसारखे सलग!

म्हटलं, पेपर फुटला. तिला आत घेऊन आलेल्या तात्यांनाच विचारलं, "तात्या, हिला आधी दाखवलंत ना?"

"तुमच्या केबिनची किल्ली तरी हाय का माज्याकडं? इस्वास नसंल तर ऱ्हायलं काम!"

मुलगी उठली. "त्यांना नका बोलू, साहेब. मी हा खेळ लई खेळलेय. नोकरी नका देऊ, पण आमाला चोर नका म्हणू."

मग तिच्यापुढे तयार मालाचा ट्रे ठेवला. या वेळी ती थांबत थांबत गेली आणि दोन खराब नग बाजूला काढले. दोन्ही खरंच खराब होते. तात्यांची माफी मागितली, तिला सोमवारपासून बोलावलं.

तुम्ही माणूस कसा जोखता, कळवा. मला नवी परीक्षा हवीय. राहुरीच्या तिच्या कॉम्प्युटर क्लासात सगळ्या मशीनवर हाच खेळ आहे.