जावयासाठी रंगवलेले पडदे

अख्ख्या औरंगपुऱ्यात घरच्या घरी रंगकाम करावं तर मीच. आता कपडा सोडून बाकी सगळ्याला रंग लागायचा, ती गोष्ट वेगळी. आमच्या नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाय, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवतात. माझे किस्सेबी तसेच साठलेत. उपसावे तेवढे थोडे.

सुरुवात हिनं केली. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं, त्यात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं होतं. जावई लई गंभीर. आमच्या घरात 'हं' आन् 'बरं' याच्यापुढं त्यांची गाडी कधी गेली नाय. त्यांना आपलं घर आवडलं का नाय, हा हिच्या जिवाला घोर. आन् बैठकीतले पडदे उन्हानं पार विटलेले.

"नवे आणा," ही म्हणाली.

"नवे कशाला? मी रंगवून देतो."

"तुम्ही?"

त्या एका शब्दावर मी पेटलो.

*

हात बसावा म्हणून आधी जोशींची पँट घेतली. जोशी म्हणजे समोरच्या घरातले रिटायर हेडक्लार्क, माझ्या थट्टेचं कायमचं गिऱ्हाईक.

शहागंजातला रंगवाला पुडी बांधता बांधता म्हणाला, "चाचा, कपड़ा सुती है ना? और दस्ताने पहनो, हात कू रंग लगता."

"हौ, हौ," मी म्हणालो. मनात म्हटलं, या हातांना आजवर कामाचा डाग लागला नाय, रंगाचा काय लागणार?

पँट निघाली टेरिलीनची. तासभर उकळली तरी होती तशी फिकट. माझे हात मात्र कोपरापर्यंत काळे कुळकुळीत!

जोशींनी आधी पँट बघितली, मग माझे हात.

"चला, रंग पक्का आहे म्हणायचा."

*

रंग कशात उकळला, ते मी हिला सांगितलं नव्हतं. वरणाच्या पातेल्यात. घासून घासून जागेवर ठेवलं, पण कडेला काळी रेघ राहिली. हिनं पातेलं उजेडात धरलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आजपासून माझ्या स्वयंपाकघरात दिसू नका." पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाली, "ते पातेलंबी नको."

*

मग जोशींचा सुती कुर्ता घेतला. पत्र्याचा जुना डबा, रंग, मूठभर मीठ. कुर्ता काळा झाला तो असा की बघत राहावं. पण शिलाईचा दोरा सुती नव्हता, त्यानं रंग धरलाच नाय. काळ्या कुर्त्यावर पांढऱ्या टाक्यांच्या रेघा, फळ्यावर खडूनं ओढल्यासारख्या.

मी ठोकून दिलं, "जोशी, ही फॅशन आहे. पुण्यात असलंच चालतं."

बिचारे तो घालून लासूर स्टेशनला लग्नाला गेले. परत आल्यावर म्हणाले, "तिथं दोन पोरांनी विचारलं, कुर्ता कुठून घेतला म्हणून."

माझी छाती फुगली. "मग, माझं नाव सांगितलं का नाय?"

"नाही हो. जवळच्या नात्यातलं लग्न होतं. मला तिथं पुन्हा जायचंय."

*

एवढं झाल्यावर दगडबी शहाणा होतो. मीबी झालो. पडदे सुतीच आहेत ना, हे हिला दोनदा विचारलं. दस्ताने घातले, फरशीवर जुने पेपर अंथरले, वेगळी बादली घेतली. आन् पडदे असे निळेशार उतरले की ही त्यांना हात लावून नुसती गप उभी राहिली. हिचं गप राहणं म्हणजे आमच्याकडं पारितोषिक.

राहिलं खळबळणं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा, असं म्हणतात. म्हणणारे दुसऱ्या गावचे असतील. आमच्या पिंपानं तळ गाठलेला. शेवटच्या बादलीतलं पाणी माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याला तर स्वच्छच दिसलं. असलं पाणी मोरीत ओतायचं? जिवावर आलं. कूलरच्या टाकीत ओतलं.

जावई आले ते पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. पुरणाचे धोंडे, वर तूप. "हं" म्हणाले, "बरं" म्हणाले, आन् कूलरसमोर आडवे झाले. आमचा कूलर जुना, वाऱ्याबरोबर शिंतोडे मारतो. उन्हाळ्यात तेच तर सुख.

चहाच्या वेळेला उठले तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत निळे ठिपके. उशीवर ठिपके, कपाळावर ठिपके.

ही चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थिजली. पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी.

मी घसा खाकरला. "जावईबापू, ही फॅशन आहे. पुण्यात…"

जावयांनी कुर्ता बघितला, कूलर बघितला, पडदे बघितले. मग उठून हिच्या हातातला चहा घेतला.

"मामा, धोंड्याला जावयाला कपडे करतात, हे ऐकलं होतं. अंगावर असतानाच रंगवून देतात, हे नव्हतं ऐकलं."