अकराऐवजी एकवीस सप्टेंबर

शेखर निलखन अकरावी-बारावीच्या क्लासेससाठी अमरावतीत आला, तेव्हा माझ्या मागच्या खोलीत दोन वर्षे राहिला. त्याचे वडील देवीदास बार्शीटाकळीजवळ वांगी, दोडकी आणि झेंडू लावतात. शेखर खोली झाडून ठेवी आणि इंग्रजी वाचताना ओळीखाली बोट धरी. पुढे तो वैमानिक झाला, याचे आम्हा सर्वांना नवल वाटले. त्याला वाटलेले दिसले नाही.

२०१७ मध्ये एका लहान विमान कंपनीने त्याला घेतले. पंख्यांची सत्तर आसनी विमाने, लहान गावांच्या फेऱ्या. त्याच्या तुकडीला ११ सप्टेंबरला रुजू व्हायचे होते. देवीदास म्हणाले, "पितर चालू हायेत. असं चांगलं काम पितरात कोनी सुरू करते का? घटस्थापनेले जाय."

मुदत वाढवून मागण्याचा अर्ज इंग्रजीत हवा, म्हणून दोघे माझ्याकडे आले. अर्जाचा मायना मिशनच्या शाळेत सिस्टरांनी माझ्याकडून पक्का करून घेतला होता. कारण तेवढे आपण भरायचे. पितृपक्ष कंपनीला पटेल असे वाटेना. शेवटी वडील गंभीर आजारी असल्याचे लिहिले. माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद आहे: 'देवीदासरावांना आजारी पाडले. ते त्या वेळी अंगणात दोडकी निवडत होते.'

परवानगी आली. शेखर २१ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी रुजू झाला.

पुढची आठ वर्षे याने काहीही बिघडले नाही. शेखर कॅप्टन झाला. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याचा सहवैमानिक उजवीत. मग एका मोठ्या कंपनीने ही लहान कंपनी आपल्यात घेतली. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचे म्हणणे, लहानांनी ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी बसावे. लहानांचे म्हणणे, आम्हीही इतकी वर्षे हवेतच होतो. सात महिने बैठका झाल्या. ठरले ते असे: पगार सर्वांना मोठ्या कंपनीचा, आणि ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेने, एकाच यादीत. पहिल्या ६४० जणांना डावी खुर्ची.

शेखरचा क्रमांक ६६१ लागला. अकरा तारीख धरली असती तर ६३२ लागला असता.

हरकतीसाठी पंधरा दिवस होते. कंपनीच्या परवानगीने उशिरा आलेल्याची मूळ तारीख धरता येत होती, मात्र परवानगीचे पत्र आणि कारणाचा पुरावा जोडायचा होता. पत्र शेखरकडे नव्हते. माझ्याकडे होते, अर्जाच्या प्रतीसह डायरीत चिकटवलेले. बापलेक ते न्यायला आले.

"आता एकच कागद पायजे," देवीदास म्हणाले. "आपल्या गावचा डॉक्टर देते लिहून."

"आजार कोणता सांगाल?" मी विचारले.

"तुमीच लिवला होता ना, बाई. कोनता होता?"

मी अर्ज पाहिला. गंभीर, एवढेच होते.

शेखर म्हणाला, "बाबा, हे नाई करायचं."

"काहून? माह्यामुळं तुही खुर्ची चालली. मी आजारी पडाले तयार हाओ."

"मी दर फेरीले विमानाच्या वहीत सही करतो. इंजिन खडखड करत असलं तं खडखड लिहितो. विमान उभं राह्यते, लोक शिव्या देतात. आता याच्यावर सही कशी करू?"

"तवा केली होती."

"तवा मी पायलट नोतो."

देवीदासांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, तो अर्ज माझा होता, आणि दुसरा मी लिहिणार नाही. मग चहा झाला. शेखरने जुन्या सवयीने कप विसळून ठेवले. पत्र डायरीतच राहिले आणि हरकतीची मुदत सोमवारी संपली.

शेखरचा पगार वाढला आणि त्याला उजवी खुर्ची मिळाली.

नोव्हेंबरात देवीदास पहिल्यांदा विमानात बसले, शेखर असलेल्या नागपूर-मुंबई फेरीवर. सोबतीला मी गेले. दाराशी एक तरुण बाई सर्वांना नमस्कार करीत होती. शेखर तिच्या मागे उभा होता.

"हे कोन?" देवीदासांनी जागेवर बसल्यावर विचारले.

"कॅप्टन मोनाली. शेखरच्या जुन्याच कंपनीतली. त्याच सप्टेंबरात अठरा तारखेला रुजू झाली होती."

त्यांनी बोटांवर तिथी मोजली. "ऐन पितरात?"

"हो."

"तिच्या घरी पितर नसतीन का?"

मला माहीत नव्हते. विमान वर चढले. देवीदासांनी मुंबईपर्यंत पट्टा घट्ट धरून ठेवला. विमान टेकले तेव्हा धक्का जाणवला नाही.

"चालवते तं चांगली," ते म्हणाले.

बाहेर शेखर भेटायला आला. देवीदासांनी त्याच्या बाहीवरच्या पट्ट्या पाहिल्या. पूर्वी चार होत्या, आता तीन.

"पुन्हा डाव्या खुर्चीचं बोलावणं येईन का?"

"येईन. तीन-चार वर्सं लागतीन."

"ते म्हनतीन त्याच दिवशी जाय," देवीदास म्हणाले. "मले इचारू नको."