साहेब मिटिंगात हायेत

“नाव हवंय मला. पाच वाजता यादी नागपूरला जाते. त्याच्या आधी,” असं म्हणत साहेबांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

स्क्रीनवर एक चित्र होतं. मफलर गुंडाळून टेबलामागे झोपलेला बाबू आणि टेबलाखाली चपलांतून बाहेर काढलेले त्याचे पाय. वर नाव होतं, ‘साहेब मिटिंगात हायेत’.

हे वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारी चित्रकथा. कोण काढतं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण भंडाऱ्यात सगळे वाचत होते. गोष्ट एवढीशीच. एक माणूस नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाण्याचा अर्ज घेऊन सरकारी ऑफिसात येतो. साहेब मिटिंगमध्ये असतात. पुढच्या भागात तो परत येतो. साहेब परत मिटिंगमध्ये असतात. साहेब एकाही भागात दिसत नाहीत.

मी भंडाऱ्याच्या पाटबंधारे ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. नहर आणि तलावांचे नकाशे काढायचं काम. चित्रातलं कळणारी मी एकटीच, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात आली.

“नागपूरहून फोन आला,” साहेब म्हणाले. “हे तुमचंच ऑफिस का, म्हणून विचारतात.”

“कशावरून?”

“तो नकाशा बघा ना!”

झोपलेल्या बाबूच्या मागे भिंतीवर नकाशा होता. गोंदिया वेगळा होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण आमच्या भिंतीवर अजून जुन्या, अखंड भंडारा जिल्ह्याचा नकाशा होता. नवा मी केव्हाच काढून दिला होता. त्याच्या फ्रेमला मंजुरी आली नव्हती.

“नाव तर ठरलंच आहे, सर,” हेड क्लार्क लांजेवार बाबू दारातून म्हणाले. “प्रणाली मेश्राम. झेंडावंदनाची रांगोळी तिनंच काढली होती ना जी? हात पाहा ना तिचा.”

प्रणाली कॉन्ट्रॅक्टवरची कॉम्प्युटर ऑपरेटर होती. नागपूरला जाणारी यादी कॉन्ट्रॅक्ट वाढवायच्या लोकांचीच होती. तिचं नाव खोडायला साहेबांना माझा शेरा हवा होता. खोडलं की उद्यापासून ती घरी.

मी तिला नकाशांच्या खोलीत बोलावलं. तिला कळलेलं होतंच.

“मॅडम, मले माणसं काढताच येत नाही. मले मोर येते, कमळ येते. विचारा कोणालेही.”

“घरी कोण कमावतं?”

“मीच. कारध्यात किरायानं राहून राहिलो आम्ही. माहं नाव खोडलं तं मी कोणाले सांगू?”

“आत्ता कुणालाच सांगू नको. जाऊन टायपिंग कर.”

मग मी ऑफिसातल्या वाचकांकडे वळले. एकेकाला चित्रं दाखवून विचारलं, हे कोण? इतक्या उत्साहाने दिलेली उत्तरं मी नोकरीत ऐकली नव्हती. प्रत्येकाने शेजारच्याला ओळखलं. पाणीपट्टीच्या टेबलाने आस्थापनेला ओळखलं, आस्थापनेने अकाउंट्सला. स्वतःला कुणीच ओळखलं नाही.

“मफलर? मफलर तं अकाउंट्सचे भुरेबी घालते,” लांजेवार बाबूंनी गळ्यातला मफलर नीट करत सांगितलं.

गावातल्या इतर ऑफिसांतही हेच चाललं होतं, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. एका ऑफिसचे लोक म्हणायचे, ते दुसरं ऑफिस आहे. दुसऱ्यातले म्हणायचे, पहिलं. कॉमिक इतकं का चालतं ते तिथे समजलं. ते आरशासारखं असतं तर कुणी उघडलं नसतं. ते खिडकीसारखं होतं. सगळे शेजाऱ्याच्या घरात बघत होते.

पण यातून प्रणाली सुटत नव्हती. दुपार उलटत आली. मी सगळे भाग प्रिंट करून ड्रॉइंग बोर्डवर लावले आणि टी-स्क्वेअरची पट्टी घेतली.

चित्र काढणाऱ्याचे डोळे किती उंचीवर होते, ते चित्रातूनच काढता येतं. आम्ही त्याला आय लेव्हल म्हणतो. टेबल डोळ्यांच्या खाली असेल, तर त्याची वरची फळी दिसते. डोळ्यांच्या वर असेल, तर खालची बाजू दिसते. डोळ्यांच्या बरोबरीला असेल, तर फळीची नुसती रेघ होते. इथे प्रत्येक भागात टेबल म्हणजे एक रेघ होती. टेबलावर काय आहे ते एकदाही दिसत नव्हतं. टेबलाखालचे पाय मात्र प्रत्येक वेळी दिसत होते.

दुसरी गोष्ट नकाशाची. त्याचा डावा अर्धा भाग कपाटाआड होता. फक्त गोंदियाकडची बाजू दिसत होती.

मी प्रणालीच्या खुर्चीवर बसले. तिथून अख्खा नकाशा दिसला आणि टेबलंही वरून दिसली. मग एकेकाला उठवून प्रत्येक खुर्चीवर बसले. कुठूनच जमेना.

“मॅडम, संगीत खुर्ची खेळून राहिल्या का?” लांजेवार बाबू.

“आता तुम्ही उठा,” मी म्हटलं. त्यांच्याही खुर्चीवरून जमलं नाही.

राहिला बाहेरचा बाक. आमचा व्हरांडा खोलीपेक्षा एक पायरी खाली आहे आणि अर्जदारांचा बाक ठेंगणा. तिथे एक म्हातारे गृहस्थ गुलाबी प्लास्टिकचं फोल्डर मांडीवर घेऊन बसले होते.

“बसा ना बाई. तुमचाबी अर्ज हाय का?”

मी बसले. समोर टेबलाची रेघ झाली. कपाटाने अर्धा नकाशा खाल्ला. लांजेवार बाबूंचे पाय चपलांतून बाहेर आले. चित्रातल्यासारखंच.

म्हाताऱ्यांनी मोबाइल काढून तेच कॉमिक उघडलं. “सिहोऱ्याहून येतो मी. हे पाहूनच घरून निंगतो.”

“हसायला बरं आहे, नाही?”

“हसाले कोण पाहाते? बाबू कवा येते, चाय कवा होते, झोप कवा लागते, सारं बरोबर रायते यात. आज यष्टीचं तिकीट वाया गेलं नाही पाहिजे, बस.”

मी आत जाऊन साहेबांना म्हटलं, “सर, एक मिनिट बाहेर बसा.”

“मी? बाकावर?”

“प्रणालीने काढलं नाही हे तिथूनच दिसतं. मग यादीवर सही करा.”

पाचला थोडा वेळ उरला होता. साहेब घड्याळ बघत बाहेर आले. मी चित्र त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यांनी फोल्डर छातीशी धरून जागा केली.

“बसा जी, बसा. साहेब मिटिंगात हायेत.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “कोणी सांगितलं?”

“सांगाले कायले पाहिजे? रोजच रायते. तुम्ही नवीन दिसता. कायचा अर्ज हाय तुमचा?”

साहेबांनी चित्र बघितलं, समोर बघितलं, परत चित्र बघितलं. मला वाटलं, आता स्फोट होणार आणि आधी मीच जाणार.

“बाकावर कोण कोण बसतं त्याचा शोध घ्या,” ते हळू आवाजात म्हणाले.

“सर, बाकावर अख्खा जिल्हा बसतो.”

ते उठले. म्हाताऱ्यांच्या हातातलं गुलाबी फोल्डर घेतलं, आत जाऊन लांजेवार बाबूंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बघा हे.” मग यादीवर सही केली. प्रणालीचं नाव यादीत राहिलं. नागपूरला मेल तिनेच पाठवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा आदेश निघाला. आमच्या ऑफिसातला त्याच दिवशी अंमलात आलेला तो एकच आदेश मला आठवतो. लांजेवार बाबूंनी स्वतः उभं राहून बाक स्टोअररूममध्ये टाकला. अर्जदार व्हरांड्यात उभे राहू लागले.

आठवड्याने कॉमिकचा नवा भाग आला. या वेळी टेबलाची रेघ नव्हती, अख्खी फळी दिसत होती. तिच्यावर पत्त्यांचा डाव लावलेला मोबाइल होता आणि चहाचा ग्लास होता. ग्लासाखाली गुलाबी फोल्डर.

माणसाला उभं केलं की त्याला बसलेल्यापेक्षा जास्त दिसतं. ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला हे शिकवतात. साहेब लोकांच्या ट्रेनिंगमध्ये तो तास नसावा.