माझा जबडा आणि चहातलं पेप्टाइड

चहा आधी संपवा, नाहीतर हसताना नाकातून येईल. मी स्वतःचा जबडा वाढवून घेतला होता, त्याचा हा किस्सा!

आखाती युद्धाचे दिवस. मी सौदीतल्या रास तनुराच्या एका कॅम्पात वेल्डर, अंगाने काडी. सुट्टीत लग्न ठरलेलं आणि मुलीचे तिन्ही भाऊ पहिलवान! मग काय, जिममधल्या एकाकडून स्नायू वाढवायचं पेप्टाइड घेतलं. सुईची भीती, म्हणून रोज चहात चार थेंब.

आठ दिवसांनी सोबतची चिठ्ठी वाचली. आधी कोण वाचतं हो? 'केवळ प्रयोगशाळेसाठी. माणसांना देऊ नये. हातापायांना सूज, जबड्याचं हाड वाढणं, साखर घसरून बेशुद्धी.'

दुसऱ्याच दुपारी हल्ल्याचा भोंगा वाजला. यल्ला, यल्ला! चला, चला! दारातल्या ढिगातून बूट चढवले, खिळ्यावरची गॅस मास्कची पिशवी ओढली आणि धूम ठोकली. आश्रयाला पोचेस्तोवर पाय बुटात ठणकायला लागले. आणि मास्क? हनुवटीवर बसेचना!

झालं! गॅस आला तर अख्खा कॅम्प वाचणार आणि मी एकटा जबड्यापायी मरणार!

भोंगा थांबताच लंगडत दवाखान्यात. केरळच्या डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं.

"चाय में डालके पिया?" डॉक्टर बघतच राहिले. "वो तो दाल की तरह हजम हो गया! इंजेक्शन लिया होता, तो शुगर गिरके बेहोश पडा होता."

"पर मेरा जबडा, डॉक्टरसाब?"

त्यांनी मास्कची पिशवी उलटून मागे लिहिलेलं नाव वाचलं. "तुम्हारा नाम हमीद है?"

"नही, सदानंद."

हमीद म्हणजे माझा खोलीतला सोबती, श्रीवर्धनचा, माझ्याहूनही लहानखुरा. तेवढ्यात दारात फटक फटक आवाज! ढगळ बुटांतून हमीदच आत आला. मास्क घसरून गळ्यात.

"डॉक्टरसाब, बचाव!" तो रडकुंडीला आला होता. मग माझ्याकडे वळला. "सदा, माफ कर रे! तुझ्या बाटलीतलं मी चोरून प्यायलो. बघ, आटत चाललोय मी!"

डॉक्टरांनी बाटली बेसिनमध्ये ओतली. "दोनो आपस में जूते बदलो. मास्क बदलो. खलास!"

बूट बदलले आणि हमीद जागच्या जागी पुन्हा पूर्ण मापाचा झाला. मी मात्र काडीचा काडीच. लग्नाच्या फोटोत तिघा मेव्हण्यांमध्ये नवरदेव कुठे आहे, हे अजून बोट ठेवून दाखवावं लागतं.