जमिनीखालची लाईन

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या सासरवाडीत दोन जावयांच्या अंघोळीला मिळून एक बादली पाणी निघालं, आणि ती बादली साडूला मिळाली. मला तांब्या मिळाला. तांब्याही काठोकाठ भरलेला नव्हता, पण ते जाऊ द्या. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. (बायकोला विचारू नका.)

धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे ही रीत, आणि गाव टँकरच्या रांगेत उभं असलं तरी आमच्याकडे रीत मोडत नाहीत. त्यामुळे आम्ही दोघे जावई धर्मापुरीच्या अलीकडच्या त्या गावात सहकुटुंब हजर झालो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नाव दत्तोबा, काम पाणाड्याचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं आणि जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी आहे असं सांगायचं. एवढंच! नारळ त्याचा, हात त्याचा, आणि उभा राहिला की नाही हे ठरवणाराही तोच. तरी पंचक्रोशीतले लोक त्याला न्यायला जीप पाठवत. मला न्यायला आजवर कुणी सायकलसुद्धा पाठवलेली नाही.

मी वायरमन. परळीत माझं पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार भरून देण्याचं दुकान आहे. (वीज आमच्या परळीतच तयार होते, पण गावकऱ्यांच्या वाट्याला त्यातली राखच जास्त येते.) फावल्या वेळात मी वायरमन लोकांसाठी नवनवी हत्यारं शोधून काढतो. आधी मी उजेड पाडणारी पक्कड काढली. तिचा उजेड नेमका पक्कड धरणाऱ्याच्या डोळ्यात पडायचा. मग दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दातात धरायचा टेस्टर काढला. त्याची चाचणी मी एकदाच घेतली.

पण या खेपेचं, सात वर्षं खपून केलेलं हत्यार खरंच जमलं होतं. प्लॅस्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा, त्यात जुन्या फोनच्या रिसीव्हरमधली कॉइल आणि खिशातल्या रेडिओचं आतडं. भिंतीत किंवा जमिनीत कुठंही चालू वायर असली की हे हत्यार 'गुंऽऽ' करून ओरडणार. न फोडता, न खणता वायर सापडणार! ते सासऱ्यांना दाखवावं म्हणून मी पिशवीत घालून आणलं होतं. सासरे, म्हणजे मामा, गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून एकदा 'हे आमचे जावई' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. तसं ते म्हणायचे, पण दत्तोबाबद्दल. मला ते लग्नापासून 'परळीचे पाव्हणे' म्हणत आले होते, जसा काही मी मुक्कामाला थांबलेला रेल्वेचा प्रवासी.

जेवायला बसलो. जावयांसाठी मामांनी कूलर लावला होता (तोंड साडूकडे). मामांनी सांगितलं की संस्थेला जनावरांच्या पाण्यासाठी बोअर मंजूर झालं आहे, पण एकच. ते कोरडं गेलं तर गावातली उरलीसुरली दुभती जनावरं बाजारात जातील आणि संस्थेला कुलूप लागेल. जेवणानंतर दत्तोबा संस्थेच्या आवारात जागा दाखवणार होता. सासूबाईंनी त्याला आणखी एक धोंडा वाढला. मला विचारलं, "तुमाला बास ना?"

आवारात सगळं गाव जमलं होतं. दत्तोबाने डोळे मिटले, तळहातावर नारळ ठेवला आणि तो असा चालायला लागला की जणू पायाखाली कुणीतरी झोपलंय. कडुनिंबाजवळ नारळ उभा राहिला. लोकांच्या तोंडून 'हां' निघालं. मामा छाती काढून म्हणाले, "हे आमचे जावई." माझ्या पोटात तेव्हा जे पेटलं त्यावर संस्थेचं सगळं दूध तापलं असतं.

मी पिशवीतून हत्यार काढलं. खरं सांगतो, मला फक्त ते लोकांना दिसावं एवढंच हवं होतं. बटण दाबून मी कचेरीच्या भिंतीकडे दोन पावलं गेलो आणि ते ओरडलं. गुंऽऽ! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"पाव्हणे, काय हाय हे?" मामा जवळ आले.

"मामा, इथं जमिनीखाली लाईन हाय. हे यंत्र लाईन दाखवतं."

आता यात माझं काय चुकलं? वायरमनच्या तोंडी लाईन म्हणजे वीज. पण तीन वर्षं बोअरच्या गाड्यांमागं पळणाऱ्या गावात लाईन म्हणजे एकच, जमिनीखालचा पाण्याचा झरा. 'लाईन लागली' म्हटलं की तिथं माणसं रडतात, गुलाल उधळतात. मामांनी माझा हात घट्ट धरला. मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर साडूच्या चेहऱ्यावर गेली. तो उतरला होता. इतका सुंदर उतरलेला चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी तोंड मिटून घेतलं.

लोक मात्र कच्चे नव्हते. यंत्राची परीक्षा घ्या म्हणाले. मला संस्थेच्या जुन्या विहिरीवर नेलं, जिच्या तळाशी अजून पाणी होतं. तिथं यंत्र खणखणीत ओरडलं. (मोटार चालू होती. ओरडणारच.) मग वरच्या रानात नेलं, जिथं आजवर सगळी बोअरं कोरडी गेली होती, तिथं यंत्राने चकार शब्द काढला नाही. (तिथं विजेचा खांबसुद्धा नव्हता.) जिथं पाणी तिथं मोटार, जिथं मोटार तिथं वायर, त्यामुळे माझं यंत्र एकदाही चुकेना. लोक म्हणाले, नारळ तरी कधीमधी चुकतो. शेवटी शेवटी तर माझी मलाच शंका यायला लागली की आपण चुकून पाण्याचंच यंत्र शोधून काढलंय की काय.

परत येताना साडूने मला बाभळीआड गाठलं.

"खरं सांगा, ते काय दाखवतं?"

"लाईन."

"कशाची?"

"तुमचा नारळ कशानं हुबा ऱ्हातो, ते आधी सांगा."

तो गप्प झाला, मीही गप्प झालो. आमच्या नात्यातला तो सर्वांत जिव्हाळ्याचा क्षण असावा.

आवारात आल्यावर संस्थेच्या चिटणिसाने शंका काढली की लाईन नुसती इथंच आहे की पुढंही जाते. जिथं जोर जास्त तिथं बोअर घेऊ. मामांना ते पटलं. मी यंत्र जमिनीलगत धरून निघालो, माझ्यामागे मामा, त्यांच्यामागे गाव, घागरी घेतलेल्या बाया, आणि सर्वांत मागे नारळ काखेत मारून साडू. लाईन आवाराबाहेर पडली, गल्लीत वळली आणि पुढं सरळ निघाली. मामांचा ऊर भरून आला. गल्लीतल्या ओट्यांवर बसलेल्या लोकांना ते मोठ्याने सांगायला लागले, "बगा, हे आमचे..." आणि एकदम थांबले. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर होतं.

"पुरे आता, पाव्हणे," ते म्हणाले. "ऊन लई हाय."

"अहो मामा, तुमच्याच दाराकडं चाललीय!"

"म्हून तर म्हणतो, पुरे."

शहाण्या माणसाने इथं थांबावं. पण मला त्या दिवशी गाव मागं घेऊन चालायची चटक लागली होती. मी पुढं सरकलो, आणि यंत्र अचानक गप्प झालं. कुणीतरी म्हणालं, पाणी आटलं. मामांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की धूळ उडाली. चला, झालं, चहा घ्यायला चला, असं म्हणत ते लोकांना मागं ढकलू लागले. वीज गेली होती, दुसरं काही नाही. आमच्या भागात वीज जाते तेव्हा चार तास येत नाही हा नियम. पण माझं नशीब असं की ती पाच मिनिटांत आली. घरात कूलर घरघरला आणि हातात यंत्र ओरडलं.

"आलं, पाणी परत आलं!" बाया म्हणाल्या.

लाईन मामांच्या अंगणात शिरली. सासूबाई ओवाळायला तबक घेऊनच दारात उभ्या. लाईन ओट्यापाशी गेली, मग भिंतीपाशी, आणि मग भिंतीवरून वर निघाली. मी हात वर नेत होतो, यंत्र ओरडत होतं, गाव तोंड वासून बघत होतं.

"आगं बया," घागरवाली एक म्हातारी म्हणाली, "पाणी भिंत चढाया लागलं."

"पाणी भिंत कावून चढंल?" चिटणीस म्हणाला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता माझ्यातला वायरमन जागा झाला. यंत्र सात वर्षांत पहिल्यांदा नेमकं ज्यासाठी काढलं होतं ते करत होतं, आणि हे मी कुणाला सांगायचंच नाही?

"पाणी कुठलं, वायर हाय ही!" मी अभिमानाने म्हणालो. "संस्थेच्या मीटरवरून आलीय. एकच वायर टाकलीय, न्यूट्रलच्या, म्हंजी परतीच्या वायरच्या जागी जमीन वापरलीय, म्हून तर आवाज एवढा चोख येतोय!"

बोलून झाल्यावर मला माझं बोलणं ऐकू आलं. मामांनी डोळे मिटले होते. ती वायर पुरून चार पावसाळे झाले होते (न पडलेले), आणि ती कुठून नेली होती हे त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. खिडकीतला कूलर संस्थेच्या विजेवर घरघरत होता. सासूबाईंच्या हातातलं तबक हळूहळू खाली आलं.

म्हातारी पुढं झाली आणि तिने कूलरची जाळी बाजूला सारली. आत टाकी काठोकाठ भरलेली. गावाला दोन दिवसांआड टँकर, आणि अध्यक्षांच्या कूलरला टाकीभर पाणी! लोकांचे चेहरे बदलायला लागले. कुणीतरी पायातली वहाण सारखी करत होतं आणि मला ते लक्षण बरं दिसेना. एवढ्यात मागून दत्तोबाचा आवाज आला.

"यंत्र खोटं न्हाई बोललं गड्यांनो. लाईनबी घावली अन् पाणीबी घावलं."

आधी म्हातारी हसली. तिच्या मागून सगळं अंगण हसायला लागलं. त्या हसण्यात मामांनी स्वतःच्या हाताने वायर उपटली, चुकलं म्हणाले, आणि टाकीतलं पाणी बायांच्या घागरींत ओतायला घेतलं. निम्मं घाईत खिडकीखाली सांडलं. मामांची अब्रू वाचली, अध्यक्षपदही वाचलं. आणि मी? सात वर्षं खपून मी एक यंत्र शोधलं, आणि त्यावरचा एकुलता एक चांगला विनोद साडूने केला. तो मला का सुचला नाही, या विचाराने मी रात्रभर तळमळलो.

सकाळी पिशवीत यंत्र नव्हतं. मामांना विचारलं. ते दात घासत होते.

"जमिनीखालची लाईन दाखवतं न्हवं? ते जमिनीखालीच बरं हाय," ते म्हणाले आणि बोअरच्या गाडीकडे निघून गेले.

पुरलं होतं! आणि पुरलेली वस्तू शोधायचं माझ्याकडचं एकमेव साधन तेच होतं. मी बायकोला म्हटलं, तुझ्या वडिलांना विचार कुठं पुरलंय. ती म्हणाली, "मी न्हाई विचारत. मला माहेर ऱ्हाऊ द्या." मी अंगण पहारीने टोकरत बसलो. तिकडे कडुनिंबाखालच्या बोअरला पाणी लागलं. भरपूर नाही, पण जनावरांपुरतं. आरोळ्या इथवर ऐकू आल्या. थोड्या वेळाने गळ्यात हार घातलेला साडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या हातातली पहार त्याने पाहिली, काय झालं ते ओळखलं, आणि काखेतला नारळ पुढं केला.

"फिरवू का?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

"फिरवा," मी म्हणालो. "पण कुठं बोलू नका."

तो डोळे मिटून अंगणभर फिरला. खिडकीखाली नारळ उभा राहिला. मी जीव तोडून खणलं. यंत्र निघालं नाही. हातभर खाली ओल लागली.

ती कूलरच्या सांडलेल्या पाण्याची ओल होती. मी हे तिथंच सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं, अजूनही सांगतो. पण तेवढ्यात मामा गाव घेऊन अंगणात शिरले होते. त्यांनी खड्डा पाहिला, ओल चिमटीत धरून पाहिली, साडूकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "हे आमचे जावई. लई नशीबवान माणूस. काय साडू घावलाय त्याला!"