कासवाच्या पुस्तकाची चिकटलेली पानं

आमच्या वाचनालयात बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना त्यांच्यामागे सगळे 'जकातनाका' म्हणायचे. नवं पुस्तक त्यांच्या टेबलावरून सहजासहजी पुढे सरकायचंच नाही. आधी त्या पुस्तकाचा वास घेणार. मग दोन्ही पुठ्ठे धरून ते उलटं लोंबकळत ठेवणार, पानं सुटतात का बघायला. मग चित्रातल्या कोंबडीच्या पायाची बोटं मोजणार. एका पुस्तकात आई उजव्या हाताला पट्टी बांधून दवाखान्यातून निघाली आणि पुढच्या पानावर पट्टी डाव्या हाताला गेली, तर बाईंनी ते पुस्तक तसंच परत पाठवलं. म्हणाल्या, मोठी माणसं बघत नाहीत, पोरं बघतात.

मी तिथेच खिडकीजवळच्या टेबलावर फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. खळ, दोरा आणि पुठ्ठा, एवढाच माझा पसारा. बाई मला 'डिंकताई' म्हणायच्या. मला ते आवडायचं नाही, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

वाचनालयात यायच्या आधी बाईंनी अठरा वर्षं औषधांच्या कारखान्यात काढली होती. समोरच्या पट्ट्यावरून गोळ्या सरकत जायच्या. त्यातली कोपरा उडालेली, डाग पडलेली गोळी चिमटीत उचलून बाजूला टाकायची. कारखाना बंद पडला, हे काम मिळालं, पण नजर तीच राहिली. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. स्वतःला पोर नाही आणि लोकांच्या पोरांची पुस्तकं निवडते, असं आमचे चिटणीस एकदा माझ्यासमोर बोलले होते. मी हसले होते, हे कबूल करते.

त्या वर्षी एक विक्रेता चाळीस पुस्तकांचा संच घेऊन आला. चार रंग, चार पायऱ्या. पहिली पायरी पिवळी, मग हिरवी, असं चढत जायचं. त्याने हिरव्या पायरीची दहा पुस्तकं नमुन्याला ठेवली आणि शनिवारच्या वाचनवर्गात ती सुरू झाली. वर्गाची शिक्षिका एकेक पुस्तक मोठ्याने वाचायची, पोरं तिच्यामागून एका सुरात म्हणायची. दोन महिन्यांत माझी नात घडाघडा वाचायला लागली. सहा वर्षांची आहे. लहान आणि तिखट, म्हणून घरात तिला मिरी म्हणतो. घरी कोणी आलं की सूनबाई पुस्तक तिच्या हातात द्यायची आणि मिरी कासवाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. मला तर तिच्याकडे बघून भरून यायचं.

बाईंना मात्र संच पसंत नव्हता. का, ते सांगत नव्हत्या. बघू, तपासतेय, एवढंच. चिटणीस म्हणाले, संच मंजूर झाला तर बाईंना निवडायला काही उरणार नाही, नुसते शिक्के मारत बसावं लागेल, म्हणून त्यांच्या पोटात दुखतंय. मला ते पटलं.

मग एका सकाळी माझा खळीचा डबा जागेवर नव्हता. म्हणजे टेबलावरच होता, पण उजवीकडे. मी डावखुरी, माझा डबा कायम डावीकडे असतो. झाकण नीट बसलेलं नव्हतं. मी कोणाला काही बोलले नाही. दुपारी बाई जेवायला गेल्या तेव्हा नमुन्याच्या पुस्तकांवरून बोट फिरवत गेले. माझ्या बोटांना कळतं. चार पुस्तकांत मधली दोन पानं एकमेकांना चिकटवलेली होती. कडेने, अगदी बारीक खळ लावून, एवढ्या सफाईने की बघणाऱ्याला एकच जाड पान वाटावं. त्यातलंच एक कासवाचं.

त्या दिवसापासून मी बाईंवर नजर ठेवायला लागले. बाई एकेका पोराला कपाटामागच्या स्टुलावर बोलवायच्या. आतून वाचल्याचा आवाज यायचा, मग शांतता. मिरीलाही बोलावलं. घरी जाताना मी तिला विचारलं, काय म्हणत होत्या? तर म्हणाली, "काही नाही. वाच म्हणाल्या. मग नुसत्या बघतच बसल्या माझ्याकडे."

मला ते बघणं काही बरं वाटेना. माझ्या मनात काय काय आलं ते आता लिहायलाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी ती चार पुस्तकं कागदात गुंडाळून चिटणीसांच्या खोलीत नेऊन ठेवली. ते म्हणाले, चांगलं केलंत, आता समितीपुढेच बघू.

समितीची बैठक शनिवारी होती, बालविभागातच. पाच सभासद लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. विक्रेता आला होता. वाचून दाखवायला मिरी आली होती, दोन वेण्या घालून. चिटणीसांनी सगळ्यांसमोर पुडकं सोडलं आणि बाईंना विचारलं, की ही पानं कोणी चिकटवली?

बाईंनी पुस्तकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घातली. मग त्यांनी मिरीकडे बघितलं.

"खळ मीच लावली," त्या म्हणाल्या.

कशासाठी, असं चिटणीसांनी दोनदा विचारलं. तोंडाशी आलेलं काहीतरी बाईंनी गिळलं, ते मला दिसलं. चिटणीस म्हणाले, लोकांचा माल नासवणाऱ्या माणसाच्या हातात हा विभाग कसा ठेवायचा, ते समितीनेच ठरवावं. दोघांनी माना हलवल्या. विक्रेता मोठ्या मनाचा. म्हणाला, जाऊ द्या, पुस्तक कसं आहे ते मुलांनाच विचारा. आणि त्याने पुडक्यातलं वरचंच पुस्तक मिरीच्या हातात दिलं.

कासवाचंच होतं. मिरी उभी राहिली. कासवाची छत्री हरवलीय. कासव पलंगाखाली बघतं, छत्री नाही. कासव कपाटात बघतं, छत्री नाही. पान उलटलं. "कासव विहिरीत बघतं. छत्री नाही. बेडूक हसतो."

विहीर आणि बेडूक त्या चिकटलेल्या पानांच्या आत होते. मिरीच्या समोर उघड्या पानावर गाढव होतं. ती गाढवाकडे बघत बेडूक वाचत होती. मग आणखी एक पान उलटून तिने गाढवाचं वाक्य म्हटलं, तेव्हा समोर बाजार होता. शेवटी पानं संपली आणि एक वाक्य उरलं. तेही तिने शांतपणे म्हटलं आणि पुस्तक मिटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या खोलीत हे दोघींनाच कळलं होतं. बाई बोलणार नव्हत्या. पोरीला चारचौघांत उघडं पाडण्यापेक्षा त्या हातचं काम जाऊ देणार होत्या. मी गप्प राहिले असते तर माझी नात हुशार ठरून घरी गेली असती. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण त्याने माझ्या वतीने काही बोलायचं नसतं, ते मलाच बोलायचं होतं.

मिरीला मी बाहेर अंगणात पाठवलं, माझी पाण्याची बाटली भरून आणायला. दार लोटलं. मग पुस्तक घेतलं, चाकूने कड सोडवली आणि विहीर, बेडूक सगळ्यांना दाखवले.

"हे पान तिला दिसतच नव्हतं," मी म्हणाले. "ती वाचत नाही. तिला पाठ आहे."

मग बाईंनी सांगितलं. पानं चिकटवून अकरा पोरं तपासली, त्यातली आठ अशीच. पोरांचा दोष नाही. रोज एका सुरात म्हटलं की कोणालाही पाठ होईल, आणि एकदा वाचता येतं असं घरच्यांनी ठरवलं की मग पोराला शिकवायला कोणी बसत नाही. पालकांना एकेकाला बोलावून सांगणार होते, म्हणाल्या, पण पुस्तकंच जागेवरून गेली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

संच सगळा आला नाही. बाईंनीच चाळीसमधली नऊ पुस्तकं वेगळी काढली, ती घेतली. कासव त्या नऊंत होतं. चिटणीसांना हे कळेना. बाई म्हणाल्या, पुस्तकात खोट नाही, वापरण्यात होती.

संध्याकाळी देवापुढे उभी राहिले, पण मागायला तोंड नव्हतं. सूनबाई चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. भरल्या सभेत पोरीचं हसं केलंत, म्हणाली. मी म्हटलं, पोरीला काही कळलेलं नाही, कळलंय ते आपल्याला.

सोमवारपासून बाई मिरीला घेऊन कपाटामागे बसायला लागल्या. मी स्वतःहून खळीचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितलं, म्हणाल्या, "आता नको, डिंकताई. आता बोटानेच होईल." सुरुवातीला एका पानावर एकच शब्द असलेलं पुस्तक. मिरी रडायची, हे बाळाचं पुस्तक आहे म्हणायची. एक पान वाचायला तिला इतका वेळ लागायचा की माझा दोरा ओवायचा राहायचा.

चार महिने झाले असतील. माझ्या टेबलापर्यंत आवाज येत होता. शेळीच्या शाळेची नवी गोष्ट होती, अडखळत, थांबत थांबत. बाईंनी मदत केल्यासारखं करून दोन पानं एकदम उलटली.

आवाज थांबला. मी कपाटाआडून डोकावले. मिरीने वाक्यावर बोट फिरवलं, परत फिरवलं. मग मान वर करून बाईंकडे अशी बघायला लागली, जशा बाई नव्या पुस्तकाकडे बघतात.

"मधलं पान कुठंय?" तिने विचारलं.

मिरीने बोटाला थुंकी लावली आणि पान मागे उलटलं.